सातव्या अध्यायाचे तीन अवतार

"...मग महाराज, चूक माझी की त्यांच्या यंत्रांची?"

हृषीकेशने हात जोडूनच विचारलं, पण मान ताठ होती. मठाच्या ग्रंथघरातले संगणक तोच सांभाळायचा आणि त्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

महाराजांचं वीस वर्षांचं भाष्य त्याच संध्याकाळी छापखान्यात जायचं होतं. फाइली सगळ्यांना एका जागी मिळाव्यात म्हणून या पठ्ठ्याने एनएफएसची पद्धत बसवली, कारण त्याच्या लिनक्सवर ती वाऱ्यासारखी पळायची. मजकूर तपासणाऱ्या भानुदासबुवांच्या विंडोजवर काही उघडेना. चित्रं काढणाऱ्या रत्नमालाताईंचा मॅक परवानगीपाशीच अडून बसे. बिचाऱ्यांनी पेनड्राइव्हवर प्रती नेल्या आणि आपापल्या दुरुस्त्या केल्या. आता सातव्या अध्यायाचे तीन अवतार झाले होते, आणि खरा कोणता ते कुणालाच सांगता येईना.

एसएमबी नावाची दुसरी पद्धत तिघांकडेही चालली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ती पडली विंडोजच्या घरची! तिच्यापुढे आपण का वाकायचं?

महाराज हसले आणि बोलू लागले... हृषीकेशला एक अक्षर कळेना.

त्याने पुन्हा विचारलं. महाराज पुन्हा त्याच बोलीत, हातवारे करत, अगदी रंगून बोलत राहिले.

"महाराज, मला काहीच कळत नाहीये..." आता त्याची मान खाली गेली होती.

"तुळू आहे," महाराज मराठीत म्हणाले. "माझ्या आईची भाषा. तीत मी भरभर बोलतो. मराठीत मला जरा वेळ लागतो."

नऊ वर्षं तो या पायांशी बसत होता. महाराज मूळचे कुठले, हे विचारायचं त्याला कधी सुचलंही नव्हतं.

"मग इतकी वर्षं माझ्याशी मराठीतच...?"



हृषीकेशला भरून आलं. तो उठला तो थेट ग्रंथघरात. तासाभरात एसएमबी बसली. बुवांकडे सातवा अध्याय उघडला, ताईंकडे उघडला. मग तिघं एकाच पडद्यापुढे बसले, दुरुस्त्या जुळवल्या, एकमेकांच्या चुकांवर पोट धरून हसले. दिवेलागणीच्या आत ग्रंथ छापखान्याकडे रवाना झाला.

तो धावतच महाराजांकडे आला.

"सगळ्यांना उघडतंय, महाराज! माझ्याकडे मात्र जरा हळू चालतं..."

महाराजांनी त्याला शेजारी बसवून घेतलं.

"माझ्याकडेही."