चुंचूबाईची गळकी कढई

चिंचेखाली रोज बाजार भरायचा. बाजारात एक चिचुंद्री भजी तळायची. तिचं नाव चुंचूबाई.

चुंचूबाईच्या अंगाला जरा वास यायचा. पण भज्यांचा वास त्याहून मोठा. म्हणून कुणी काही बोलायचं नाही.

एक दिवस कढईला भोक पडलं. ठिप ठिप ठिप. तेल चुलीत. भक्क.

पीठ कालवलेलं. कांदा चिरलेला. भजी एकही नाही. गिऱ्हाइकं घरी गेली. होते नव्हते ते पैसे तेलात गेले होते. आणि तेल चुलीत गेलं होतं.

चुंचूबाईने नाक पुसलं. इवलीशी कढई डोक्यावर घेतली. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

भेटला तांबट पक्षी. टुक टुक टुक. भांडी दुरुस्त करत होता.

"तांबटदादा, तांबटदादा,
कढईला भोक, तेल गळतं.
भोक बुजव ना."

"बुजवतो. पाच पैसे पडतील."

"भजी विकली की देते."

"आधी पैसे," तांबट म्हणाला. टुक टुक टुक.

चुंचूबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

भेटला बगळा. एका पायावर उभा. तो सगळ्यांना कर्ज द्यायचा. निदान तसं सांगायचा.

"बगळेसाहेब, बगळेसाहेब,
कढईला भोक, तेल गळतं.
तांबट म्हणतो, आधी पैसे.
पैसे द्या ना."

"आधी जामीन," बगळा म्हणाला.

"जामीन म्हणजे काय?"

"तू पैसे बुडवलेस तर जो भरेल तो. कुणीतरी मोठं आण. तू फारच लहान आहेस." बगळ्याने दुसरा पाय खाली ठेवला. पहिला वर घेतला. काम संपलं.

चुंचूबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

भेटली म्हैस. चिखलात बसलेली. खूप मोठी.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी,
कढईला भोक, तेल गळतं.
तांबट म्हणतो, आधी पैसे.
बगळा म्हणतो, आधी जामीन.
जामीन राहा ना."

म्हैस रवंथ करत होती. चबक चबक. "तुझा धंदा चालतो का, मला काय ठाऊक? घुबड हिशेब तपासतं. आधी त्याची सही."

आणि म्हशीने शेपूट उचललं. थप्प. चुंचूबाई थोडक्यात वाचली.

चुंचूबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

भेटलं घुबड. ढोलीत झोपलेलं. घुर्र घुर्र.

"घुबडकाका, घुबडकाका,
कढईला भोक, तेल गळतं.
तांबट म्हणतो, आधी पैसे.
बगळा म्हणतो, आधी जामीन.
म्हैस म्हणते, आधी सही.
सही करा ना."

घुबडाने एक डोळा उघडला. "धंदा चालतो असं लिहू? आणि भजी कुठे आहेत?"

"कढई गळते, काका."

"आधी भजी," घुबड म्हणालं. डोळा मिटला. घुर्र घुर्र.

चुंचूबाई दगडावर बसली. तिला खूप रडू आलं. ती रडली. मुळूमुळू.

दगडाखालून दहा मुंग्या आल्या. पुढे मुकादम मुंगी.

"काय झालं, चुंचूबाई?"

"कढईला भोक, तेल गळतं.
तांबट म्हणतो, आधी पैसे.
बगळा म्हणतो, आधी जामीन.
म्हैस म्हणते, आधी सही.
घुबड म्हणतं, आधी भजी."

मुकादम मुंगी म्हणाली, "तुझी खाली सांडलेली भजी आम्ही रोज खातो. चांगली असतात. मीठ जरा कमी घाल. आम्ही दहा जणी. एकेक पैसा देतो. पाच कढईला, पाच तेलाला."

"कर्ज?" चुंचूबाईने विचारलं.

"नाही. भागीदारी. नफा झाला तर अर्धा आमचा."

"आणि बुडाले तर?"

"तर बुडाले. तुला मागणार नाही."

चुंचूबाईने डोळे पुसले. "चला," ती म्हणाली.

मुंग्यांनी पैसे दिले.
पैसे मिळाले, तांबटाने भोक बुजवलं. टुक टुक टुक.
भोक बुजलं, भजी तळली. चुर्र चुर्र.
भजी तळली, घुबड उठलं. तीन भजी खाल्ली. सही केली.
सही झाली, म्हैस जामीन राहिली.
म्हैस जामीन राहिली, आणि बगळा धावत आला. दोन्ही पायांवर.

"चुंचूबाई, कर्ज मंजूर."

"आता नको, साहेब."

"व्याज कमी करतो."

"नको. भजी देऊ?"

बगळ्याने पैशाच्या पिशवीकडे पाहिलं. भज्यांकडे पाहिलं. रांगेत उभा राहिला. म्हशीच्या मागे. म्हशीची शेपटी हलली. फट्ट.

बाजार उठला. चुंचूबाईने गल्ला ओतला. खळ्ळ. उद्याच्या तेलाचे काढले. उद्याच्या पिठाचे काढले. उरले वीस पैसे. हा नफा.

दहा पैसे मुंग्यांना. एकीला एक, एकीला एक.

एक छोटी मुंगी म्हणाली, "आणि आम्ही आधी दिलेला पैसा?"

"तो कढईत आहे," मुकादम मुंगी म्हणाली. "राहू दे तिथेच. उद्याही वाटा मिळेल."

दहा पैसे चुंचूबाईचे. तिने ते चंचीत ठेवले. मग शेवटची चार भजी पुढ्यात घेतली. आता कुणी गिऱ्हाइक उरलं नव्हतं. ती पाय पसरून बसली आणि सगळी खाल्ली.

कुरकुर. कुरकुर. मग ढेकर. ढुर्र.

गोष्ट तळून झाली. चला, तोंड पुसा.