रणातून एकटा परतलेला घोडा

पूर्वी चंपानगरीत जयबल राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्वाने घोड्याच्या योनीत जन्म घेतला होता. सीमेवरच्या छावणीत भद्रसेन नावाच्या स्वाराकडे तो असे. भद्रसेन, त्याची पत्नी उत्पला आणि लहानगी चित्रा यांच्या घरातलाच तो एक झाला होता. सगळे त्याला पांडऱ्या म्हणत.

एका लढाईत भद्रसेन पडला आणि पांडऱ्या एकटाच परतला. त्या सैन्यात एक रीत होती. मेलेल्या धन्याला रणात सोडून आलेला घोडा पळपुटा समजायचा आणि चुना दळायच्या घाणीला जुंपायचा. काय म्हणावे या न्यायाला! पण भद्रसेनाचे प्रेत कोणी पाहिले नव्हते, म्हणून पांडऱ्या तबेल्यातच राहिला. उत्पला त्याला भिजवलेले हरभरे चारी आणि म्हणे, "तू आलास ना, आता तेही येतील." तिला हळूहळू आपोआप उमगेल, असे वाटून तो गप्प राही.

मग राजाज्ञा आली. शत्रू नदी उतरत होता. छावणी मोडून दक्षिणेला जायचे होते. गाड्या भरल्या गेल्या. उत्पला मात्र उंबऱ्यावरून हलेना. "ते आले आणि घर रिकामं दिसलं तर? मी नाही येत. माझ्या पोरीलाही नेऊ नका."

छावणीचा नायक सोमदत्त समजावून समजावून थकला. बोधिसत्त्वाने विचार केला, 'मी गप्प बसलो तर माझे हरभरे चालू राहतील, आणि या दोघी जिवाला मुकतील.' तो म्हणाला, "माई, धनी गेले. माझ्या डोळ्यांदेखत गेले."

उत्पलेने त्याच्या तोंडावर चापट मारली. मग त्याच्याच मानेला मिठी मारून विचारले, "शेवटी काही म्हणाले का रे? माझं नाव, पोरीचं नाव?"

गोड खोटे बोलणे किती सोपे होते! पण बोधिसत्त्व म्हणाला, "नाही, माई. तेवढा वेळच मिळाला नाही त्यांना."

तेव्हा ती ऊर फुटेस्तोवर रडली. रडून झाल्यावर चित्राला कडेवर घेऊन गाडीत चढली.

नायकाने सारे ऐकले होते. रीतीप्रमाणे त्याने पांडऱ्याचा दोर हाती घेतला. उत्पला गाडीतून ओरडली, "नायकबाबा, त्याला नेऊ नका! पळपुटा असता तर हे सांगायला त्यानं तोंड उघडलं असतं का?"

नायक थबकला. त्याचाही मुलगा त्याच लढाईत बेपत्ता झाला होता. दोर तसाच धरून तो खालच्या आवाजात म्हणाला, "पांडऱ्या, माझा सुबाहू... तुला कुठे दिसला होता का रे?"

"दिसले होते, नायक. धन्यांच्या शेजारीच पडले होते."

नायकाच्या हातातून दोर गळाला. आजवर इतके घोडे त्याने घाणीला जुंपले, पण त्यांतल्या एकालाही त्याने काही विचारले नव्हते.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या वृद्धेला म्हणाले, "सीमेवर मुलगा गमावून आलेली तू, तेव्हा उत्पला होतीस. तुला हात धरून इथवर आणणारा तुझा भाऊ तेव्हा नायक होता. तो घोडा मीच. त्या जन्मी मी सत्याची पारमिता, म्हणजे सत्याचे परिपूर्ण व्रत, पाळली. आणि माई, ती मला फार जड गेली होती."