रातकिड्याची साक्ष

वाळूच्या टेकड्यांमधल्या एका वस्तीत एकदा एक वृद्ध पागी, म्हणजे वाळूतला माग काढणारा माणूस, राहत असे. वस्तीचा रिवाज असा, की पागीच्या काठीने ज्या ठशाभोवती रिंगण ओढले, तो माणूस चोर. त्यापुढे दाद नाही.

एका सकाळी व्यापाऱ्याच्या पाण्याच्या टाक्याचे कुलूप तुटलेले सापडले. टाके निम्मे रिकामे होते. "तांबडं फुटताना मी स्वतः पाहिलं, कुलूप शाबूत होतं," व्यापारी म्हणाला.

टाक्याजवळ लंगड्या पायाचा ठसा होता. वस्तीत लंगडा एकच, उंट राखणारा.

"काल दिवेलागणीला पाणी मागायला आलो होतो. कुणी नव्हतं, परत गेलो," तो म्हणाला.

"साक्षीलासुद्धा कुणी नव्हतं म्हण की," व्यापारी हसला.

पागीच्या शिष्याने ठसा ओळखला आणि गुरूच्या काठीने रिंगण ओढले. पंचांनी लगेच सुनावले, याच्या उंटांना आजपासून विहीर बंद. दुसरी विहीर दोन दिवसांच्या वाटेवर होती.

तेवढ्यात म्हातारा पागी आला. त्याने ठसा पाहिला आणि शेजारची वाळू हातांनी उकरू लागला. बिळातून त्याने अंगठ्याएवढा रातकिडा काढला. त्याचे पाय पानांसारखे पसरट होते. म्हाताऱ्याने वाळू सारखी करून त्यावर त्याला चालवले, तशी त्याची पसरट पावले उमटली.

"चोर सोडून बाबांनी किडा धरला," कुणीतरी म्हणाले. लोक हसले.

शिष्य ओशाळला. "बाबा, ठसा त्याचाच आहे ना?"

"त्याचाच आहे."

"मग माझं चुकलं कुठं?"

"ठशाच्या आत बघ. या किड्याची पावलं त्यावरून गेलीत. हा अंधारात हिंडतो, उजाडायच्या आत बिळात शिरतो. म्हणजे माणूस आधी आला, किडा नंतर. कुलूप त्याहूनही नंतर तुटलं, असं शेटजीच सांगतात. पाऊल कुणाचं, ते तू पाहिलंस. कधीचं, ते पाहिलं नाहीस."

"मग चोर कोण?" पंचांनी विचारले.

"ठाऊक नाही. बाकीचे ठसे तुम्ही सगळ्यांनी मिळून तुडवलेत."

पंचांनी विहिरीची बंदी उठवली. लोक कुरकुरत पांगू लागले. शिष्याने त्यांना थांबवले आणि सर्वांदेखत उंटवाल्याला म्हणाला, "दादा, चूक माझी आहे." मग तो विहिरीवर गेला आणि उंटांसाठी स्वतः पोहरा ओढू लागला.

ठसा खरा होता, निकाल खोटा. घाईने बातम्यांचे मथळे देणाऱ्यांनी या दोहोंतले अंतर एकदा मोजून पाहावे.