कालचे महाराज

आंबेखिंडीचे महाराज विलायतेहून 'फ्लक्स' हा शब्द घेऊन आले. वाहत राहणं, सतत बदलत राहणं, हे त्याचे अर्थ साऱ्या दरबाराला पाठ झाले होते, कारण वचन मोडायचं असलं की महाराज तोच शब्द काढत.

भिवराबाई पाटलीण भर दरबारात म्हणाल्या, "महाराज, पाटाचं पाणी काल गावाला देऊ केलंत आणि आज आपल्या बागेकडे वळवलंत?"

"सगळं फ्लक्स आहे, बाई! वचन देणारा कालचा महाराज आज उरलाच नाही."

"असं होय! मग आज गादीवर बसलेत त्यांचा राज्याभिषेक कधी झाला?"

दिवाणांच्या हातातला विडा गळून पडला. महाराजांनी दोन्ही हातांनी लोड घट्ट धरला.

"आम्ही... आम्ही कालचेच आहोत. सोडा पाट गावाकडे!"