करवंदाचा कोंबडा

एक होती चिचुंद्री. अंगठ्याएवढी. तिचं एक बाळ होतं. ते खायचं काय? नुसते कोरडे दाणे. फळ दिलं की तोंड फिरवायचं. मग व्हायचं तेच झालं. हिरड्या सुजल्या. अंगातलं बळ गेलं. बाळ बिळात पडून राहिलं. उठेना.

वैशाख सरत आलेला. करवंदीच्या जाळीवर पिकलेलं करवंद उरलं एकच. काळंभोर. चिचुंद्रीने ते तोडलं. तोंडात धरलं. निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

टप्! करवंद पडलं. जाळीच्या काट्यांत अडकलं.

"जाळीबाई, दे ना! बाळ माझं उठेना."

"नाही देत, जा. मुळं वाळली माझी. ओहोळाला वाहायला सांग."

लुटुलुटु लुटुलुटु.

"ओहोळदादा, वाहा ना! जाळी देईना, बाळ माझं उठेना."

"नाही वाहत, जा. वाटेत धोंडा बसलाय. म्हशीला ढकलायला सांग."

लुटुलुटु लुटुलुटु.

"म्हशीबाई, ढकल ना! ओहोळ वाहेना, जाळी देईना, बाळ माझं उठेना."

"नाही ढकलत, जा. कडबा चावून दात झिजले. विळ्याला हिरवं कापायला सांग."

लुटुलुटु लुटुलुटु.

"विळोबा, काप ना! म्हैस ढकलेना, ओहोळ वाहेना, जाळी देईना, बाळ माझं उठेना."

"नाही कापत, जा. धार गेली माझी. लोहाराला सांग."

लुटुलुटु लुटुलुटु.

लोहाराची भट्टी गार. गुणाजी लोहार गुडघ्यात डोकं घालून बसलेला.

"गुणाजीमामा, धार लाव ना! विळा कापेना, म्हैस ढकलेना, ओहोळ वाहेना, जाळी देईना, बाळ माझं उठेना."

गुणाजीने नाक दाबलं. "शी! वास मारतेस. भट्टी विझलीय, दिसत नाही? भाता बायको ओढायची. ती तापाने पडली. आता कोण ओढणार?"

चिचुंद्री रडली. रडून भाता हलत नाही. मग तिने उडी मारली. भात्याच्या दोरीला लोंबकळली.

"मी ओढते!"

"तू? चिमूटभर?"

फूं... काही नाही. फूं... राख उडाली. फूं फूं फूं! निखारा फुलला.

ठण ठण! लोहाराने धार लावली.
खस् खस्! विळ्याने गवत कापलं.
हुश्श! म्हशीने धोंडा ढकलला.
खळ खळ! ओहोळ वाहिला.
सळ सळ! जाळीने काटे सारले. करवंद दिलं.

बिळात अंधार. बाळ डोळे मिटून पडलेलं.

"खा रे, सोन्या."

"नको."

"बरं, खाऊ नको. नुसतं फोड. आत लाल निघालं तर कोंबडा. पांढरं निघालं तर कोंबडी. बोल, काय?"

बाळाने एक डोळा उघडला. मग बारीक आवाज आला.

"कोंबडा."

कच्! आत लालभडक. रस ओठावर आला. बाळाने तो चाटला.

"कोंबडाच!"

बाळ उठलं का? नाही. एका करवंदाने कोणी उठत नसतं. पण ते म्हणालं, "उद्या?"

जाळीवर हिरवी करवंदं होती. आता पाणी प्यायलेली. ती पिकली. चिचुंद्री रोज गेली. कधी कोंबडा, कधी कोंबडी. एक दिवस बाळ पुढे, आई मागे. लुटुलुटु लुटुलुटु.

झाली गोष्ट. आता तोंड उघड. तुझ्या वाटीतलं फळ अजून तसंच आहे.