तीनशे हात लांब वाख

फार फार वर्षं झाली. तेव्हा राजे होते, पण रस्ते नव्हते; आणि जिथे रस्ते नव्हते, तिथे माणसं दोरांवरून चालत होती. अशाच एका राज्याच्या टोकाला, खोल दरीच्या काठी, दोर वळणाऱ्यांचं एक गाव होतं.

गावाच्या एका अंगाला उभा डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. बाजार दरीपलीकडे, सोयरेधायरे पलीकडे, गावातल्या साऱ्या सुनांची माहेरंही पलीकडेच. जायला वाट एकच, दोरांचा झुलता पूल. तीनशे हात लांब. खाली नदी इतकी खोल, की ती दिसायची पण ऐकू यायची नाही. नवखा पाहुणा पुलाच्या मधोमध आला, की डोळे मिटून कुलदैवताला नवस बोलायचा. गावची पोरं त्याच पुलावरून शर्यती लावायची.

गावाचा धंदा साधा होता. अंबाडी पाण्यात कुजवायची, सोलायची, धुवायची. तिचा पांढरा चिवट धागा निघतो, त्याला वाख म्हणतात. तो वाख मांडीवर घेऊन वळत बसायचं. आपल्याकडे लांबण लावणाऱ्याला ‘चऱ्हाट वळतोय’ असं म्हणून हिणवतात. त्या गावात ती कौतुकाची गोष्ट होती. तेव्हा मीही कुठे जरा लांबण लावली, तर सोसून घ्या.

या गावात म्हाळू नावाचा कारागीर होता. पुलाचा थोरला दोर, ज्यावर सगळा भार पडतो, तो दर साली म्हाळूच वळायचा. पीळ असा सारखा, की या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे बोट अडायचं नाही.

एकदा म्हाळू झाडावरून पडला आणि त्याची कंबर दुखावली. कुणीतरी मायेनंच त्याला मोहाची दारू पाजली, म्हणाला, “घे घोटभर, कळ थांबेल.” कळ थांबली. मग कळ नसतानाही घोट सुरू झाला. दारू घरात पाहुणी म्हणून येते आणि बघता बघता घरमालकीण होऊन बसते. म्हाळूच्या घरातही तेच झालं.

एके दिवशी त्यानं झिंगलेल्या हातांनी पुलाच्या कठड्याच्या दोराला गाठ मारली. ती गाठ सुटली. त्या वेळी पुलावर नेमकी त्याचीच बायको होती. ठकू तिचं नाव. डोक्यावरचं गाठोडं दरीत गेलं आणि ठकू एका हातानं लोंबकळत राहिली. लोकांनी तिला ओढून वर घेतलं. ती रडली नाही, ओरडली नाही. घरी ठेवलेल्या तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन ती म्हाळूसमोर उभी राहिली.

“तुमच्या हातांवर माझा भरवसा हुता,” ती म्हणाली. “त्यो आज दरीत गेला.”

आणि त्याच पुलावरून ती माहेरी निघून गेली.

गाव जमलं. त्या गावात एक रीत होती. मोठी शपथ घ्यायची तर थोरल्या दोरावर हात ठेवून घ्यायची. लग्न असो, वाटणी असो, वैर मिटवायचं असो, दोरावर हात ठेवून दिलेला शब्द तिथे आजवर कुणी मोडला नव्हता. म्हाळूनं दोरावर हात ठेवला. “जल्मात पुन्यांदा थेंब शिवणार न्हाई,” तो म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला. शपथ नऊ दिवस टिकली.

दुसऱ्यांदा शपथ झाली. या वेळी देवीसमोर, दोर गळ्यात घालून, सगळ्या गावाच्या साक्षीनं. ती सव्वीस दिवस टिकली.

तिसऱ्यांदा पाटलांनी त्याला पुलाच्या खुंटापाशी बोलावलं. पाटील माणूस न्यायी होता, पण दोर तुटला की तो आधी दोराला शिव्या देणारा. ते म्हणाले, “म्हाळू, ही आखरीची शपथ. मोडलीस, की पूल वलांडायचा आन् माघारी यायचं न्हाई.”

म्हाळूनं हात पुढे केला. पण हात दोरावर ठरेना. गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं, “सुंभ जळंल, पर पीळ जायाचा न्हाई.”

तेवढ्यात मागून एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. तिचं नाव कोंडाई. ती आंधळी होती. पुलावर चढणारा प्रत्येक दोर आधी कोंडाईच्या बोटांखालून जायचा. दोर कुठे बारीक झालाय, हे डोळसांना दिसायचं नाही, पण तिच्या बोटांना कळायचं.

“पाटील,” ती म्हणाली, “येक अडचण हाय. मला तीनशे हात लांबीचा वाख पायजे. गावात कुणाकडं हाय का बघा.”

लोक हसले. “म्हातारे, येवढा लांब वाख कुठं आसतो व्हय? अंबाडीच पुरुषभर वाढती.”

“मंग सगळ्यांत लांब वाख किती?”

“फार तर चार हात.”

“आन् पूल?”

“तीनशे.”

“मंग चार हाताचा वाख तीनशे हात कसा पोचतो, बाबांनो?”

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणापासून मांडीवर तेच तर करत आले होते. पहिला वाख सरण्याआधी, तो अजून धडधाकट असताना, त्याच्या निम्म्यात दुसरा वाख घालायचा. दुसऱ्याच्या निम्म्यात तिसरा. याला ते ‘भर घालणं’ म्हणत. वाख संपल्यावर टोकाला टोक जोडलं, तर दोर तिथेच तुटतो. वेळेत भर घातली, तर चार हातांचा वाख दरी ओलांडून जातो.

कोंडाई म्हणाली, “आपुन सगळी ह्याच धंद्यातली. आन् ह्या येकट्या मानसाकडं मातर जल्माएवढा लांब येकच वाख मागतो. तुटला की त्येलाच शिव्या देतो. चूक कुनाची?”

लोकांच्या माना नकळत पुलाकडे वळल्या. रोजचाच पूल, पण त्या घटकेला तो त्यांना वेगळाच दिसला. वाऱ्यावर डुलणारा तो सगळा निव्वळ वाख होता. त्यातला एकही धागा चार हातांपलीकडे जात नव्हता, आणि त्यावरून गावाच्या सात पिढ्या, गुरंढोरं, नवरदेवांच्या वराती पार झाल्या होत्या. पाटलांनी हळूच खुंटाला हात लावून नमस्कार केला.

कोंडाईनं म्हाळूचा हात हातात घेतला. “लेका, खरं सांग. बिनदारूचा किती येळ ऱ्हाशील?”

म्हाळू खाली मान घालून म्हणाला, “दुपारपातूर. लई झालं तर. फुडचं मला दिसत न्हाई.”

“मंग तेवढंच दे. दुपार व्हायच्या आत कुनी तरी यील.”

दुसऱ्या दिवसापासून गाव भर घालू लागलं. सकाळी गवळण यायची, ताक ठेवायची आणि म्हाळूच्या ओट्यावर वाख सोलत बसायची. ऊन चढायच्या आत न्हावी यायचा, मग गुरव, मग कुणाची तरी सून. आधीचा माणूस उठायच्या आत पुढचा येऊन बसलेला असायचा. एवढा एक नियम पक्का होता. दुसरा नियम असा, की उपदेश करायचा नाही. उपदेश म्हाळूला तोंडपाठ होता. नुसतं शेजारी बसायचं आणि दोर वळायचा.

पहिले दिवस फार वाईट गेले. म्हाळूला घाम फुटायचा, दातखीळ बसायची, भिंतीवर नसलेले साप दिसायचे. वैद्य उशाशी ठाण मांडून बसला. काढा दिला, पेज दिली, आणि लोकांना म्हणाला, “भिऊ नका. धरून ऱ्हावा.” न्हाव्यानं त्याला पोटाशी धरलं. एकदा म्हाळूनं त्याला लाथ मारली. न्हावी दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला पुन्हा हजर.

तिन्हीसांजेची वेळ सगळ्यांत अवघड. त्याच वेळी गुत्त्यावर दिवा लागायचा. ती वेळ पाटलांनी स्वतःकडे घेतली होती. सुरुवातीला त्यांना ओट्यावर बसायची लाज वाटायची. पुढे पुढे तिथे बसल्याशिवाय त्यांनाच करमेनासं झालं.

असे एकसष्ट दिवस गेले. बासष्टाव्या दिवशी पाटलांकडे पाहुणे आले. गप्पा रंगल्या. पाटलांना वाटलं, आता माणूस सुधारलाय, घटकाभर उशीर झाला तर काय बिघडतं? तिकडे गुरवाला आरतीची घाई होती. तोही म्हणाला, “पाटील येतीलच,” आणि उठला.

घटकाभर ओटा रिकामा राहिला.

पाटील पोहोचले तेव्हा म्हाळू घरी नव्हता. तो गुत्त्याच्या पायरीवर सापडला. प्यालेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळू स्वतःच गाठोडं बांधून पुलाशी आला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. “मोडली की पूल वलांडायचा, आसं ठरलं हुतं,” तो म्हणाला. “म्या चाललो.” त्यानं पुलावर पाय ठेवला. पलीकडे त्याचं कुणी नव्हतं. ठकूनं दार उघडलं नसतं, आणि पहिल्याच गुत्त्यावर त्याची गोष्ट संपली असती. हे त्याला माहीत होतं, आणि काठावर उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

पाटील धावत आले आणि पुलावर आडवे उभे राहिले. आयुष्यात कधी कुणापुढे न वाकलेला तो माणूस, सगळ्या गावासमोर हात जोडून म्हणाला, “म्हाळू, वाख तुटला न्हाई रं. भर माझी चुकली.”

पाटलांच्या तोंडून ‘चुकली’ हा शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता.

कोंडाई काठावरून ओरडली, “आरं, दोर येका जागी बारीक झाला, तर आपुन काय करतो? सगळा दोर दरीत टाकतो का?”

“न्हाई,” न्हावी म्हणाला. “तिथं दुप्पट भर घालतो.”

“आन् मागचे येकसष्ट हात?”

“ते तसेच ऱ्हात्यात. ते वळून झाल्यात.”

म्हाळूनं गाठोडं खाली ठेवलं आणि पुलाच्या फळीवर बसून तो लहान मुलासारखा रडला. नऊ दिवस, सव्वीस दिवस, एकसष्ट दिवस. हे सगळं वाया गेलं, असंच तो आजवर समजत होता. ते सगळं वळून झालेलं आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्या दिवसापासून तिन्हीसांजेला ओट्यावर म्हाळूशेजारी दोन माणसं बसू लागली.

बातम्या पूल ओलांडतातच. चार महिन्यांनी एका संध्याकाळी ओट्यावर तिसरं माणूस येऊन बसलं. ठकू होती. म्हाळू काही बोलायच्या आत ती म्हणाली, “म्या नांदाया आले न्हाई. आजच्या सांजंपुरती भर घालाया आलीया.” गुत्त्यावरचा दिवा लागला, विझला, आणि ती माहेरी परत गेली. आठ दिवसांनी पुन्हा आली. मग चार दिवसांनी, लेकीलाही घेऊन. कधी एका दिवशी ती परत गेलीच नाही, तो दिवस कोणता, हे पुढे दोघांनाही आठवत नव्हतं.

म्हाळूचे हात स्थिर झाले. थोरला दोर पुन्हा तो वळू लागला. आणि गुत्त्याकडे जाणाऱ्या वाटेवर कुणी अडखळताना दिसला, की सगळ्यांत आधी म्हाळू त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचा. अशी पाच माणसं उभी राहिली. सहावा मात्र वाचला नाही. त्याच्यासाठी गावानं सुतक पाळलं, त्याला नावं ठेवली नाहीत.

वर्षं लोटली. कोंडाई गेली. पाटील थकले. म्हाळूचे केस अंबाडीसारखे पांढरे झाले. शेवटच्या आजारात तो ओट्यावर पडून असे. एका सकाळी पाटील काठी टेकत आले आणि शेजारी बसले.

“म्हाळू,” त्यांनी विचारलं, “लई वरसं इचारीन म्हनतोय. आता तरी दारू कायमची सुटली न्हवं?”

म्हाळू हसला. “कायमचं ठाव न्हाई, पाटील. आज सांजंपातूर सुटलीया.”

त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आतच त्यानं शांतपणे डोळे मिटले. ठकू उशाशी होती. पाटील अजून तिथेच बसलेले होते, आणि गवळणीची सून पुढची भर घालायला नुकतीच येऊन पोहोचली होती.

मग ओट्यावरल्या कुणीतरी हिशेब लावला. पुलावरल्या त्या सकाळनंतर म्हाळूनं जन्माची शपथ कधी घेतलीच नव्हती. तो फक्त संध्याकाळपर्यंतचं बोलला होता. आणि त्याचा उरलेला जन्म मात्र, थेंबाला न शिवता, या काठावरून त्या काठाला पोहोचला होता.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, गोष्ट सांगते ते एवढंच : बुडणाऱ्याकडून जन्माचं वचन मागू नका; त्याचं बळ सरायच्या आत त्याच्या शेजारी जाऊन बसा.