म्हाळसेच्या चित्रवहीची कहाणी

ऐका चैत्रगौरीबाई, तुमच्या लेकीची कहाणी. नगर होतं आटपाट, त्यात म्हाळसा नावाची बाई राहत होती. तिचा एक नेम होता. चूल पेटवायच्या आधी वही घ्यावी, समोर दिसेल ते चित्र काढावं. कधी गाय, कधी पायरी, कधी पाळण्यातली लेक आवडी.

एका चैत्रात तिनं गौरीपुढं रांगोळीचं चैत्रांगण रेखलं. राणीनं ते पाहिलं, म्हणाली, "माझ्या भिंतीवर मोर काढ." म्हाळसेनं मोर काढला, वाहवा झाली. मग दुसरा काढला, मग तिसरा काढला. तोच मोर, तीच मान! म्हाळसा उतली, मातली, वही माळ्यावर टाकली.

वर्षं गेली. आवडीचं लग्न झालं, सासर दूरदेशी. निघताना लेक म्हणाली, "आई, दागिना नको. आपलं अंगण काढून दे. आठवण आली की बघेन." म्हाळसा ऐटीत बसली. गाय काढली, तिला मोराची मान आली. तुळस काढली, तिला पिसारा फुटला. आवडी म्हणाली, "आई, हे कुणाचं अंगण गं?" कागद तिथंच ठेवला, लेक तशीच सासरी गेली. म्हाळसा गौरीपुढं ढसढसा रडली.

मग गौर म्हातारीच्या रूपानं दारी आली. "बाई, बाई, वही काढ. रोज बघून काढ. वाकडं आलं तरी पान फाडू नकोस."

मग म्हाळसेनं तांब्या काढला, तो भोपळ्यासारखा आला. लाज वाटली, पान फाडलं. दुसऱ्या दिवशी पायरी काढली, तेही फाडलं. तिसऱ्या दिवशी गाय काढली. गाय कसली, धड म्हैसही नव्हती! पण म्हाळसेनं पान राहू दिलं. मग रोजचं राहू दिलं. राणीची पालखी न्यायला आली. म्हाळसा म्हणाली, "थांबू दे दारात. आधी माझी वही."

पुढच्या चैत्रात आवडी माहेरी आली. आईनं वही हातात दिली. लेकीनं एक पान उलटलं, "ही आपली कपिला! मोडकं शिंग तिचंच." दुसरं उलटलं, "ही टवका उडालेली पायरी! इथंच मी पडले होते." तिसरं उलटलं. ओसरीवरचा रिकामा झोपाळा होता, तिच्या बसायच्या बाजूला कललेला. डोळे पुसून म्हणाली, "आई, हे आपलंच अंगण." राणीच्या शाबासकीनं फुगली नव्हती एवढी म्हाळसेची छाती फुगली.

तर बायांनो, वही टाकली असेल तर आजच माळ्यावरून काढा. गौर जशी म्हाळसेच्या हाताला पावली, तशी तुमच्याआमच्या हाताला पावो. ही वहीभर कहाणी पानभरात सुफळ संपूर्ण.